पाचपर्यंत मोजणारा बापू

आधीच सांगते, या पानावरचे अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणीतरी हाक मारली, मागं वळून बघितलं तर कुणी नाही... वाचायचं, हसायचं, चहा प्यायचा. तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलंय मी. एकदा शाळेच्या दारावर कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. पोरं आत यायला घाबरायला लागली! मी ते लिंबू सोडलं, पोरांसमोर चिरलं आणि सरबत करून प्यायले. मिरची डब्यात टाकून घरी नेली. तेव्हापासून गावात माझं नाव ‘सरबतवाल्या बाई’ पडलं ते निवृत्तीपर्यंत. तर अशी बाई आज तुम्हाला अनुभव सांगायला बसलीये, यावरून काय ते समजून घ्या.

राहायला मी कळंबला. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घरात दोघंच – मी आणि माझा धाकटा भाऊ बापू. बापूचं वय बावन्न, पण लहानपणी मेंदूज्वर झाला तेव्हापासून तो सहाव्या वर्षातच राहिला. स्वतःचं जेवतो, अंघोळ करतो, झाडांना पाणी घालतो. बोलतो मोजकं. आणि मोजतो फक्त पाचपर्यंत. मी शेकडो पोरांना पाढे शिकवले, पण सख्ख्या भावाला सहा शिकवू शकले नाही. पाचानंतर तो हसतो आणि परत एकपासून सुरू करतो.

माझं लग्न झालं नाही, करूनही घेतलं नाही. माझ्यामागं बापूचं कसं, ही एकच काळजी. त्यासाठी वडिलांच्या जमिनीतला आमचा वाटा विकून आलेली रक्कम बापूच्या नावानं बँकेत ठेव म्हणून ठेवलेली. तिला हात लावायचा नाही असं मी स्वतःला बजावलेलं होतं.

आता मूळ गोष्ट.

दीड वर्षापूर्वी, गणपतीच्या दिवसांत, मला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला – ‘डॉक्टर, आईचा रिपोर्ट बगितला का?’ मी उत्तर दिलं, ‘हा डॉक्टरांचा नंबर नाही. नंबर नीट तपासावा. आणि ते बगितला नाही, बघितला.’ सवय हो, दुसरं काय! तिकडून सॉरी आलं. दोन दिवसांनी परत मेसेज – ‘मॅडम, आईला बरं वाटतंय. तुम्ही चूक दुरुस्त केली ते आवडलं. माझं शिक्षण बाहेर झालं, मराठी कच्चं आहे. अजून चुका सांगाल का?’

तुम्ही म्हणाल, इथंच ओळखायला हवं होतं. व्हय, हवं होतं. पण तुम्ही कधी निवृत्त मास्तरीण बघितलीये का? सकाळी दहा वाजले की हात खडू शोधतो. अशा बाईला कुणीतरी आपणहून म्हणतंय, माझ्या चुका काढा! एखाद्याला साडीचा मोह होतो, एखाद्याला सोन्याचा. मला विद्यार्थ्याचा झाला.

नाव सांगितलं पुष्कर. वय तिशीतलं, नोकरी बाहेरच्या देशात. फोटो पाठवला – निळ्या चौकडीचा शर्ट, बारीक मिशी, डोळ्यांत भाबडेपणा. रोज चार ओळी लिहायचा, मी तपासायची. दोन महिन्यांत पोराचं लिखाण इतकं सुधारलं की मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. मग त्याची आई वारली. मी खरंच रडले. त्यानंतर तो मला मॅडमऐवजी काकू म्हणायला लागला आणि रोज संध्याकाळी न चुकता विचारायला लागला – ‘काकू, जेवलात का?’

मी तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवायची. ‘बापू, विचारतोय बघ, जेवलात का.’ बापू ताटातून मान वर करून म्हणायचा, ‘जेवतोय की.’ तेही मी तसंच लिहून पाठवायची. आमच्या घरात तिसरं माणूस आल्यासारखं झालं होतं. खरं सांगते, कित्येक वर्षांत मला एवढं कुणी विचारलं नव्हतं... बहिणीनंही नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर तो अवाक्षर काढायचा नाही. शाळेत मीच पोरांकडून घोकून घेतलं होतं – ओटीपी कुणाला सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही. यानं कधी ओटीपी मागितलाच नाही! एकदा सहज बोलला की शेअर्समधून आईच्या दवाखान्याचा खर्च निघाला. बस्स. पुढं मीच विचारलं, ‘ते कसं करतात रे?’ तो म्हणाला, ‘काकू, नको. तुमच्या कष्टाचे पैसे आहेत.’ नको म्हणणाऱ्यावर संशय कोण घेतं? मी हट्ट धरला. थोडे भरले, अ‍ॅपवर वाढलेले दिसले. मुद्दाम काढून बघितले, खात्यात आले सुद्धा. मग आणखी भरले. चैत्र येईपर्यंत मीच ठरवलं होतं की बापूची ठेव मोडून तिकडं टाकायची, म्हणजे माझ्यामागं त्याला कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘घरच्यांना आत्ताच सांगू नका, आपण नंतर सरप्राइज देऊ.’ बँकेत मी कळवून ठेवलं – सोमवारी येते, ठेव मोडायची आहे.

त्याआधीच्या शनिवारी येरमाळ्याला चुना वेचायचा दिवस होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते. त्यात एक दिवस सगळी माणसं रानात चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. आमच्या घरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक जित्या माणसाच्या नावानं पाच खडे. जो आला नाही त्याचेही कुणीतरी वेचायचे. गेलेल्या माणसाचे वेचायचे नाहीत.

मी जाते ती देवीसाठी नाही, बापूसाठी. कारण वर्षातला हा एक दिवस असा आहे की पाचपर्यंत मोजता येणं पुरतं. मी नाव घ्यायचं, बापूनं वाकून पाच खडे वेचायचे, ‘झालं’ म्हणायचं, ढिगावर टाकायचे. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष तो असतो. त्यात तो कंजूस नाही अजिबात. शेजारच्या शेळीचे वेचतो, आमच्या गल्लीत फिरणाऱ्या बोक्याचेही वेचतो.

नकार त्यानं आयुष्यात एकदाच दिला होता. बरीच वर्षं झाली. मी निलंग्याच्या मामांचं नाव घेतलं, तर हा उभाच. ‘न्हाय,’ म्हणाला. ‘मामा न्हाय.’ मी दोनदा सांगितलं, तरी हलेना. दुपारी फोन आला की मामा सकाळीच गेले. घरातले सगळे बापूच्या पाया पडायला लागले, मी सगळ्यांना झापलं. मामा महिनाभर अंथरुणावर होते, घरात तेच बोलणं चाललेलं, बापूनं कुठंतरी ऐकलं असणार. योगायोग! विषय संपवला मी.

तर त्या शनिवारी. एसटीच्या जादा गाडीनं आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजले असतील. ऊन मी म्हणत होतं. रानात पाय ठेवायला जागा नाही, जिकडंतिकडं वाकलेली माणसं. मी एकेक नाव घेत गेले – माझं, त्याचं, आमच्या बहिणीचं, तिच्या मुलाचं म्हणजे अमोलचं. अमोलला नुकतीच मुलगी झालेली. बापूनं तिला अजून बघितलं नव्हतं, म्हणून मी मोबाईलवर तिचा फोटो दाखवला. बापू खुश! लहान लहान खडे शोधून पाच वेचले तिच्यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि मग पुष्कर. त्याला मी यात्रेचं सगळं लिहिलं होतं. त्यानं कळवलं होतं, ‘काकू, माझ्या नावाचे पण घ्याल ना पाच? आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही केलं नाही.’

‘बापू, आता पुष्करचे.’

बापू हलला नाही.

मला वाटलं नाव ध्यानात आलं नाही. मोबाईलवर त्याचा फोटो उघडला, पदराची सावली धरून त्याच्यासमोर केला. त्यानं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

‘न्हाय.’

‘काय न्हाय?’

‘त्यो न्हाय, आक्का.’

‘अरे, आपला पुष्कर. बाहेरदेशी असतोय. वेच बरं पाच.’

‘त्यो न्हाय,’ असं म्हणून बापू सरळ जमिनीवर बसला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, ‘अवो बाई, उनात भवळ आली आसंल त्याला, पाणी पाजा.’ मी पाणी पाजलं, रागावले, शेवटी स्वतःच तणतणत खाली वाकले. तीन खडे वेचले असतील... आणि मला मामा आठवले.

त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा जे मनात आलं तेच लिहिते. माझ्या मनात हे नाही आलं की पुष्कर खोटा आहे. माझ्या मनात आलं – पोराचं काही बरंवाईट तर झालं नाही?

तिथंच उभी राहून फोन लावला. वाजला, उचलला नाही. सात महिन्यांत आम्ही लिहितच आलो होतो, बोललो कधी नव्हतो, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मेसेज टाकला – ‘बरा आहेस ना? फोन का उचलत नाहीस? माझा जीव टांगणीला लागलाय.’ वेचलेले तीन खडे मुठीत तसेच धरून मी येरमाळ्याच्या स्टँडवर बसले. दुपारी उत्तर आलं – ‘मीटिंगमध्ये आहे. सोमवारी बँकेचं विसरू नका काकू.’

मी काय विचारलं आणि हा काय सांगतोय! पण जिवंत आहे ना, या आनंदात तेही गिळलं. फक्त मन शांत होईना. रविवारी सकाळी लिहिलं, ‘एक मिनिट व्हिडिओवर तोंड दाखव. तुला डोळ्यांनी बघितलं की उद्या बँकेत जाते.’

कॅमेरा बिघडलाय म्हणाला. दुसऱ्याचा फोन घे म्हटलं. कंपनीत चालत नाही म्हणाला. नुसतं बोल म्हटलं. घसा बसलाय. मग सूर बदलत गेला. ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही?’ ‘उद्या बारापर्यंत भरले नाहीत तर संधी जाईल.’ मी परत तेच – आधी तोंड दाखव. शेवटी त्यानं लिहिलं, ‘तुमच्यानंतर तुमच्या वेड्या भावाला कोण बघणार, याचा तरी विचार करा.’

वेड्या. हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मी त्याला कधी लिहिला नव्हता. रोज संध्याकाळी माझ्या भावाला जेवलास का विचारणारा माणूस हा शब्द लिहू शकत नाही. म्हणजे तो माणूस... मी फोन पालथा ठेवला.

मग अमोलला फोन केला. पुण्याला असतो, कॉम्प्युटरमधलं कळतं त्याला. सगळं सांगितलं. पोरगं शहाणं, एका शब्दानंही रागावला नाही. म्हणाला, ‘मावशी, आधी बँकेला नाही म्हणून कळव. आणि तो फोटो मला पाठव.’

अर्ध्या तासात त्याचा फोन आला. आवाज वेगळाच. ‘मावशी, बसली आहेस ना?’

त्यानं इंटरनेटवर तो फोटो शोधला होता. तोच फोटो सापडला. तोच निळ्या चौकडीचा शर्ट, तीच बारीक मिशी... आणि फोटोला हार. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. परभणीकडच्या एका खेड्यातला मुलगा, मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. दोन वर्षं झाली होती.

बापू समोर बसून भाकरी चुरत होता.

‘बापू, तुला कसं कळलं रं?’

‘काय?’

‘त्यो पोरगा न्हाय म्हणून.’

बापूनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच मंदबुद्धी आहे. ‘न्हाय तर न्हाय,’ म्हणाला आणि आमटी मागितली.

पुढचं सगळं रीतसर झालं. सायबरच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिसांत जबाब दिला. आधी भरलेले गेले ते गेले. बापूची ठेव वाचली. जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, ‘बाई, तुम्हाला संशय कशावरून आला?’ मी म्हणाले, ‘व्हिडिओवर तोंड दाखवेना म्हणून.’ चुनखडीचं काय सांगणार त्यांना!

त्या मुलाच्या आईला सांगायला हवं, असं मला वाटत राहिलं. तिच्या पोराचा फोटो लावून कुणीतरी लोकांना नाडतंय. अमोलनं नंबर मिळवला. मी फोन करून सांगितलं. मला वाटलं बाई चिडतील, शिव्या देतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

‘कसा बोलायचा हो तुमच्याशी?’

मी म्हणाले, ‘चांगला बोलायचा. रोज विचारायचा, जेवलात का.’

‘आमचा न्हाय कधी इचारायचा,’ त्या म्हणाल्या. ‘लई घाईत आसायचा. गाडीला किक मारतच भाकर खायचा.’ आणि रडायला लागल्या. मीही रडले. माझ्या पुष्करची आई मेली होती आणि मुलगा जिता होता. खरं होतं ते बरोबर उलटं. त्या बाई अजून आहेत, अधूनमधून फोन करतात. मी कधी त्यांना जेवलात का विचारत नाही, तेवढा प्रश्न तोंडातून येत नाही.

आणखी एक राहिलं. तक्रार केल्यावर चार-पाच दिवसांनी त्याच नंबरवरून शेवटचा मेसेज आला होता. पैशाचं काही नाही, धमकी नाही. एवढंच – ‘काकू, जेवण करून घ्या.’ मी उत्तर दिलं नाही. नंतर तो नंबर बंद झाला. पोलिसांनी सांगितलं की असे मेसेज लिहायला माणसं बसवलेली असतात, काही जणांना तर नोकरीच्या नावानं नेऊन डांबलेलं असतं. काहींना. आम्हाला लिहिणारा त्यांतला कुठला होता, देव जाणे... बघा, मीही देव जाणे म्हणायला लागले.

गेले वर्षभर मी या गोष्टीचा छडा लावायचा प्रयत्न करतेय. पहिल्यांदा वाटलं, बापूनं हार घातलेले फोटो बघितलेत, त्यामुळं फोटोतला माणूस म्हणजे गेलेला, असं त्याच्या डोक्यात असेल. पण मग अमोलच्या मुलीचे पाच खडे त्यानं फोटो बघूनच वेचले होते. मग वाटलं, मला मनातून संशय असेल आणि तो बापूनं माझ्या तोंडावर वाचला असेल. पण मला संशय नव्हता हो! असता तर ठेव मोडायला निघाले असते का? कुठंतरी तो श्रद्धांजलीचा फोटो बघितला असेल म्हणावं, तर बापूला मोबाईल उघडता येत नाही. वर्गात पोरांना मी सांगायचे, उत्तर येत नसेल तर पान कोरं सोडा, खोटं लिहू नका. या प्रश्नाचं पान मी कोरं सोडलंय.

यंदा चैत्रात परत गेलो. रान तेच, ऊन तेच. मी नावं घेतली – माझं, त्याचं, बहिणीचं, अमोलचं, त्याच्या मुलीचं. परभणीकडच्या त्या बाईंचं घेतलं, बापूनं काही न विचारता वेचले. शेळी झाली, बोका झाला. ‘झालं बापू, चल आता, रसवंतीवर जाऊ,’ असं म्हणून मी पिशवी उचलली.

बापू उठला नाही. परत वाकला. एक... दोन... तीन...

‘अरे, झाली की सगळी नावं. ह्ये कुणाचे?’

‘जेवलात-का-चे.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी पिशवी खाली ठेवली. गेल्या वर्षी मी त्याला एक नाव सांगितलं होतं आणि एक फोटो दाखवला होता. त्या नावाचं, त्या तोंडाचं माणूस नव्हतं, म्हणून बापू न्हाय म्हणाला. पण रोज संध्याकाळी ती ओळ लिहिणारं कुणीतरी होतं. आहे. माझ्याकडून मराठी शिकलेलं, मला लुबाडणारं, माझ्या भावाला वेडा म्हणणारं आणि शेवटी जेवण करून घ्या म्हणणारं. कुठल्या देशात, कुणाच्या धाकात, का स्वतःच्या हावेनं, मला माहीत नाही. मी तक्रार मागं घेतलेली नाही आणि घेणार नाही. माझ्या वयाच्या किती बायांना ते लुटत असेल... राग अजून गेलेला नाही.

बापूनं चार खडे ढिगावर टाकले. पाचवा माझ्यासमोर धरला.

‘आक्का, ह्यो तू टाक.’

‘म्या न्हाय टाकणार.’

‘हाय त्यो,’ बापू म्हणाला. ‘टाक.’

लोक मागून ढकलत होते. मी तो खडा घेतला. हातात थोडा वेळ तापला. मग टाकला.